सराववही उत्तम, पण ‘टू’च्या पुढे घसरते

कारण-परिणामाच्या इंग्रजी क्रियापदांची ही सराववही जळगावातल्या एका क्लासने बारावीच्या आणि बँक परीक्षेच्या मुलांसाठी काढली आहे. घेण्यासारखी नक्की आहे, मात्र ‘टू’वरचं प्रकरण शिक्षकाने दुरुस्त करूनच शिकवावं.

तिची ताकद मांडणीत आहे. क्रियापदं आद्याक्षरांनुसार न लावता दिशेनुसार लावली आहेत. कारण कर्त्याच्या जागी येतं ती ‘कॉज’, ‘लीड टू’, ‘रिझल्ट इन’, ‘ब्रिंग अबाउट’ एका पानावर. परिणाम कर्त्याच्या जागी येतो ती ‘रिझल्ट फ्रॉम’, ‘स्टेम फ्रॉम’, ‘बी ड्यू टू’ समोरच्या पानावर. आपल्याकडे ‘मुळे’ कारणालाच चिकटतं, म्हणून शब्द पुढेमागे झाले तरी निभावतं. इंग्रजीत निभावत नाही. ‘द स्टॉर्म रिझल्टेड इन हेवी लॉसेस’ म्हणजे वादळामुळे नुकसान झालं. ‘इन’च्या जागी ‘फ्रॉम’ घातलं की नुकसानीमुळे वादळ आलं असा अर्थ होतो. उदाहरणं रावेर-यावलच्या केळीची, कपाशीवरच्या बोंडअळीची. कशामुळे काय झालं हे मुलांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे सगळं लक्ष क्रियापदावर राहतं. ही निवड फार योग्य आहे.

‘रिझल्ट’ अकर्मक असल्याने ‘वॉज रिझल्टेड’ होत नाही, हेही ठळक चौकटीत दिलं आहे.

घसरते ती पुढच्या रूपापाशी. ‘लीड टू’ आणि ‘कॉन्ट्रिब्यूट टू’ यांतला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे, त्यापुढे नाम किंवा आयएनजी-रूप लागतं. वहीत मात्र ‘लेड टू लूज द क्रॉप’ छापलंय. हवं ‘लेड टू लूझिंग द क्रॉप’, आणि त्याहून सुटसुटीत ‘लेड टू क्रॉप लॉस’. ‘कॉज’चं वेगळं: आधी कर्म, मग ‘टू’सह मूळ क्रियापद, जसं ‘द हीट कॉज्ड द लीव्हज टू कर्ल’. ‘मेक’ला हा ‘टू’ चालत नाही, ‘मेड द लीव्हज कर्ल’. पण कर्मणीत तो परत येतो, ‘द फार्मर्स वेअर मेड टू वेट’. हा कर्मणीचा मुद्दा वहीत नाहीच. चूक ओळखा अशा प्रश्नात मुलं नेमकी इथेच फसतात.

सराव जवळजवळ सगळा रिकाम्या जागांचा आहे, त्यातही पर्याय दिलेले. त्याऐवजी एकच घटना आधी ‘रिझल्ट इन’ने आणि मग कर्ता बदलून ‘रिझल्ट फ्रॉम’ने लिहून घ्यावी, दिशा पक्की होते. उत्तरसूचीत नुसती उत्तरं आहेत, कारणं नाहीत. त्यामुळे घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याने ही वही विकत घेऊ नये.