काइताई स्ट्रक्ट: तीन भाषांत एकच आकडा

रत्नागिरीकडच्या एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधून तापमान-लॉगरच्या बायनरी फायली आमच्याकडे येतात. सर्व्हर जावात, रिपोर्ट पायथनमध्ये, डॅशबोर्ड जावास्क्रिप्टमध्ये. त्या फायलीतले दोनच बाइट घ्या, हेक्समध्ये (सोळाच्या पायात) लिहिलेले: ३८ एफएफ. लिटल-एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी), चिन्हासह (उणे आकडाही चालतो), दहापट करून साठवलेले. म्हणजे उणे २००, अर्थात उणे २० अंश. चिन्ह सुटलं की ६५३३६. बाइटचा क्रम उलटा धरला की १४५९१. जावात बाइट मुळातच उणे १२८ ते १२७, तर जावास्क्रिप्टचा बाइट वाचणारा डेटाव्ह्यू आपण सांगितलं नाही तर बिग-एंडियन (जास्त किमतीचा बाइट आधी) धरून चालतो. प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी.

काइताई स्ट्रक्ट हे यावरचंच साधन. त्यात फॉरमॅटचं वर्णन यामल फायलीत (साध्या मजकुराच्या मांडणीत) एकदाच लिहायचं: वर एंडियन, म्हणजे बाइटांचा क्रम, सांगायचं, खाली प्रत्येक फील्डचं नाव आणि प्रकार. आमच्या तापमानाला 'एस२', म्हणजे चिन्हासह दोन बाइट. कम्पायलर त्यावरून जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, सी++, रुबी अशा कितीतरी भाषांत पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा कोड, काढून देतो. तिन्हीकडे उणे २००च येतं.

मला सगळ्यात आवडला तो त्याचा वेब आयडीई, म्हणजे ब्राउझरमध्येच हे वर्णन लिहून तपासायची जागा. फील्डांच्या झाडातल्या एखाद्या फील्डवर क्लिक केलं की हेक्समध्ये नेमके तेच बाइट उजळतात. नव्या माणसाला एंडियन समजवायला याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

आता खटकणारं. आठ बाइटांचा पूर्णांक जावास्क्रिप्टमध्ये साध्या नंबरमध्येच येतो, आणि २च्या ५३व्या घातापुढे तो अचूक राहत नाही. आमचा टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) नॅनोसेकंदांत, त्यामुळे शेवटचे आकडे सरळ बदलतात. म्हणून मी ते फील्ड चार-चार बाइटांचं करून घेते आणि बिगइंटने (कितीही मोठा पूर्णांक अचूक धरणाऱ्या प्रकाराने) जोडते. जावातही आठ बाइटांचा बिनचिन्ही प्रकार चिन्हासहच्या 'लाँग'मध्येच बसवलेला आहे. फार मोठा आकडा उणे दिसतो. हे दोन्ही मुद्दे कागदपत्रांत पहिल्याच पानावर ठळक हवेत.

एखादाच आकडा वाचायचा असेल तर हे सगळं नको. पायथनचं 'इंट डॉट फ्रॉम बाइट्स' पुरतं. पण फॉरमॅट एक आणि भाषा दोन-तीन असतील तर हे नक्की घ्या. मोफत आणि मुक्तस्रोत आहे. शिवाय पीएनजी, झिप यांची तयार वर्णनं सोबत मिळतात. सुरुवात पीएनजी उघडून करा.