पाच टेबलं, एक प्रिंटर: नऊ महिने वापरल्यानंतर

नाशिकला जुन्या सीबीएस बस स्टँडजवळ, जिल्हा कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर आमचं छोटं ऑफिस आहे. एका बाजूला करारनामे, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा. दुसऱ्या बाजूला जीएसटी आणि इन्कम टॅक्सची रिटर्नं. माणसं पाच, कॉम्प्युटर पाच आणि प्रिंटर एकच. मागच्या जूनमध्ये आम्ही लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) असलेला, दोन्ही बाजूंनी छापणारा, स्कॅनर-झेरॉक्ससकट ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर घेतला. सगळं धरून २४ हजारांच्या आत बसला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचं आहे ते जोडणीबद्दल. नेटवर्कवर चालणाऱ्या कोणत्याही बऱ्या प्रिंटरला ते लागू पडेल.

आधीचा प्रिंटर यूएसबीचा होता. तो टायपिस्ट काकांच्या कॉम्प्युटरला जोडलेला आणि विंडोजमधून बाकीच्यांना शेअर केलेला. छोट्या ऑफिसांमध्ये सर्रास हेच असतं, आणि जमून गेलं की वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. पण मग प्रिंटर काकांच्या कॉम्प्युटरवर अवलंबून राहतो. काका जेवायला उठले, त्यांचा कॉम्प्युटर झोपला, की बाकी चौघांच्या प्रिंट अडकल्या. काका गावी गेले तर सकाळी कोणीतरी जाऊन त्यांचा कॉम्प्युटर चालू करायचा. त्यांनी पासवर्ड बदलला की चार ठिकाणी पुन्हा टाकायचा.

त्यात २०२१ साल आलं. जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या भागातलं, एक गंभीर भगदाड उघड झालं, 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ते गाजलं. त्यानंतर प्रिंटिंगच्या सुरक्षेचे नियम एकामागून एक कडक झाले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर तर शेअर केलेल्या प्रिंटरवर '११बी'ने संपणारा एरर जगभर दिसायला लागला. आमच्याकडे तो आला तेव्हा जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची २० तारखेची मुदत तोंडावर होती. दुरुस्तीला आलेल्या मुलाने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एक नोंद टाकली आणि प्रिंट सुरू झाल्या. त्या नोंदीने नेमकी तीच सुरक्षा बंद होते, हे मला नंतर कळलं. पक्षकारांची आर्थिक कागदपत्रं ज्या कॉम्प्युटरवर आहेत तिथे असं करणं मला आजही चूक वाटतं. त्याच दिवशी ठरवलं की पुढचा प्रिंटर कोणाच्याही कॉम्प्युटरला जोडायचा नाही. जुना चालतोय तोवर चालवला, एवढंच.

आता प्रिंटर थेट नेटवर्कवर आहे. राउटरमधून आठ पोर्टांच्या स्विचमध्ये (नेटवर्कच्या केबलींना फाटे फोडणारी डबी) एक केबल आणि तिथून पाच टेबलांना पाच, प्रिंटरला एक. वायफायचा पर्याय होता, आणि एमजी रोडवरच्या दुकानदाराचं म्हणणं होतं की केबलचा खर्च कशाला करता. मी केबलच घातली आणि त्याबद्दल मला पूर्ण समाधान आहे. आमच्या प्रिंटरचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, मध्ये एक भिंत आणि लोखंडी कपाट आहे, आणि आजूबाजूच्या ऑफिसांची डझनभर वायफाय त्याच हवेत. पहिले चार दिवस केबलवाला आला नव्हता म्हणून वायफायवर चालवून पाहिलं. प्रिंटर झोपेत गेला की पहिली प्रिंट निघायला कधी दहा सेकंद, कधी दोन मिनिटं. केबलवर हा प्रकार एकदाही झाला नाही.

पहिला खरा धडा जूनच्याच शेवटच्या आठवड्यात मिळाला. संध्याकाळी जोराचा पाऊस, लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, आणि पाचही कॉम्प्युटरवर प्रिंटर 'ऑफलाइन'. प्रिंटर स्वतः ठणठणीत, झेरॉक्स काढत होता. झालं असं होतं की राउटर पुन्हा चालू होताना त्याने प्रत्येक यंत्राचे आकडी पत्ते (आयपी ॲड्रेस) नव्याने वाटले. प्रिंटरचा पत्ता आधी १९२.१६८.१.७ होता, तो १९२.१६८.१.४ झाला. कॉम्प्युटर बिचारे जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत होते.

उपाय सोपा आहे आणि पहिल्याच दिवशी करायला हवा होता. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती असलेलं पान छापायचं, त्यावर मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा न बदलणारा क्रमांक, असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या मॅक ॲड्रेससाठी एक पत्ता राखून ठेवायचा. आम्ही १९२.१६८.१.५० राखला. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर आपोआप सापडलेला प्रिंटर काढून टाकला आणि 'टीसीपी/आयपी'ने हाताने पत्ता देऊन नव्याने जोडला. विंडोज स्वतःहून प्रिंटर शोधतं तेव्हा बहुतेक वेळा डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट, म्हणजे प्रिंटरपर्यंत जायची वाट, बनवतं. ते सुरुवातीला छान चालतं, पण आमच्याकडे दोन कॉम्प्युटरवर काही दिवसांनी प्रिंटर त्याला सापडेनासा झाला. टीसीपी/आयपीच्या पोर्टमध्ये प्रिंट सरळ प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जाते, मध्ये शोधाशोध नाही.

त्यानंतरही अकाउंट बघणाऱ्या ताईंच्या कॉम्प्युटरवर एक गंमतच होती. प्रिंटर ऑफलाइन दाखवायचा. शोध घेतला तर त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' अशी एक खूण केलेली असते. त्यातून विंडोज प्रिंटरला अधूनमधून 'आहेस का?' विचारतं. उत्तर आलं नाही की प्रिंटर समोर जागा असला तरी त्याला ऑफलाइन ठरवतं. ती खूण काढली आणि तो विषय संपला. या एका खुणेपायी किती ऑफिसांमध्ये दुरुस्तीवाल्याला बोलावणं गेलं असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवाल्यांनी राउटर बदलून दिला. नव्या राउटरची पत्त्यांची मालिकाच वेगळी, १९२.१६८.०ची. म्हणजे राखून ठेवलेला पत्ता गेला. पण या वेळी काय करायचं ते माहीत होतं. राउटरच्या पत्त्यांची मालिका बदलून पुन्हा १९२.१६८.१ केली, ५० नंबर राखला, आणि कॉम्प्युटरना हातही लावावा लागला नाही. प्रिंटरच्या बाजूला आता पत्ता आणि मॅक ॲड्रेस लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे.

इंटरनेटवरून आठवलं, एक सांगायचं राहिलं. सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरात खोदकाम सुरू आहे, आणि केबल तुटून इंटरनेट गेल्याचे दिवस आम्ही बरेच पाहिले. अशा दिवशीही आमच्या प्रिंट निघतात. कॉम्प्युटर, स्विच आणि प्रिंटर एकाच खोलीत एकमेकांशी बोलतात, त्याला बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. प्रिंटर घेताना हे मात्र विचारून घ्या, कारण काही मॉडेलना सुरुवातीच्या जोडणीसाठी कंपनीच्या ॲपवर खातं उघडायला लावतात. मला ते नको होतं.

आता कागदाबद्दल. खरा कस इथेच लागतो, कारण नेटवर्क एकदा लागलं की लागलं, कागद मात्र रोजचा आहे.

आमच्याकडे तीन प्रकारचा कागद लागतो: साधा ए४, लीगल मापाचा, म्हणजे ए४हून लांब, हिरवा लेजर कागद, आणि स्टॅम्प पेपर. ट्रे एक, आणि समोर एकेक कागद सरकवायची फट एक. पहिल्या महिन्यात रोज दोन-तीनदा कोणाचं तरी रिटर्न हिरव्या लेजरवर निघायचं, नाहीतर काकांची नोटीस ए४वर, खालच्या चार ओळी कापून. चिडचिड व्हायची ती माणसामाणसांत.

जुलैत तर व्हायला नको ते झालं. निफाडहून आलेल्या पक्षकारांचा करारनामा नोटरी करायचा होता. ऑक्टोबर २०२४ पासून जिथे १००चा स्टॅम्प चालायचा अशा बऱ्याच कामांना ५००चा लागतो. तो आणून काकांनी तो समोरच्या फटीत अलगद बसवला आणि आपल्या टेबलावर जाऊन प्रिंटची आज्ञा द्यायला वळले. आमच्या प्रिंटरचा स्वभाव असा की फटीत कागद दिसला की तो आधी तोच ओढतो, मग काम कोणाचंही असो. नेमकं त्याच क्षणी ज्युनिअरने दुसऱ्या टेबलावरून एका दुकानाचं जीएसटीआर-३बी पाठवलं. मोटरचा आवाज झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत स्टॅम्प आत गेला आणि करपात्र उलाढालीचा तक्ता घेऊन बाहेर आला. काका दोन्ही हात पुढे करून तसेच उभे राहिले. पक्षकार आजोबा समजूतदार होते, 'होतं असं, ताई' म्हणाले. पण त्यांची निफाडची बस चुकली, आणि ते मला फार लागलं. स्टॅम्प अर्थातच आम्ही आमच्या पैशाने आणला.

त्या संध्याकाळी बसून जे केलं, ते या सगळ्या अनुभवातलं सर्वांत उपयोगी काम ठरलं. एकच प्रिंटर, त्याच पत्त्यावर, प्रत्येक कॉम्प्युटरवर तीन नावांनी जोडला: 'ए४ पांढरा', 'लेजर हिरवा' आणि काकांकडे व माझ्याकडे 'स्टॅम्प'. प्रत्येक नावाचं कागदाचं माप आणि ट्रे आधीच ठरवून ठेवलेलं. विंडोजला ते तीन प्रिंटर वाटतात. 'लेजर हिरवा'वर काम पाठवलं आणि ट्रेमध्ये ए४ असला तर प्रिंटर थांबतो आणि पडद्यावर लीगल कागद मागतो, भलत्या कागदावर छापत नाही. त्यासाठी ट्रेमध्ये कागद बदलला की प्रिंटरच्या मेनूत मापही बदलावं लागतं, तेवढी सवय सगळ्यांनी लावून घेतली. 'स्टॅम्प'वर 'मॅन्युअल फीड' लावलं आहे. म्हणजे आधी काम पाठवायचं, फक्त पहिलं पान. प्रिंटर थांबून कागद मागतो, आणि मगच स्टॅम्प फटीत सरकवायचा. तोवर बाकीच्यांची कामं मागे रांगेत उभी असतात, मध्ये घुसू शकत नाहीत. आधी कागद, मग आज्ञा हा क्रम उलटा केला, इतकंच. त्यानंतर एकही स्टॅम्प वाया गेलेला नाही.

या जोडणीचा एक फायदा मी धरला नव्हता. आमच्याकडे अजूनही जुन्या मराठी फॉन्टांमध्ये टाइप होतं, कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच दिसणाऱ्या युनिकोडमध्ये नाही. पूर्वी कोणी आपली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन प्रिंटरच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि त्या फाइलचा फॉन्ट तिथे नसला, की अख्खा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर यायचा. आता जो टाइप करतो तोच आपल्या टेबलावरून छापतो, त्यामुळे फॉन्टची भानगडच उरली नाही. पेन ड्राइव्हबरोबर फिरणारे व्हायरसही गेले.

स्कॅनिंगला मात्र दोन दिवस झगडले. प्रिंटरवरून स्कॅन केलेला कागद सरळ कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जायला हवा होता. चौघांकडे गेला, काकांकडे जाईना. कारण काकांच्या कॉम्प्युटरला आता पासवर्डच राहिला नव्हता, आणि पासवर्ड नसलेल्या खात्यावर विंडोज नेटवर्कवरून कोणाला आत घेत नाही. फक्त स्कॅनसाठी एक वेगळं खातं, त्याला पासवर्ड, आणि त्याला फक्त त्या एका फोल्डरची परवानगी, असं केलं. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत अजून एक अडचण येते: ते एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच जाणतात, आणि ती विंडोजने २०१७ पासून नव्या मशीनवर देणं बंद केलंय. सेकंडहँड मशीन घेताना हे आवर्जून तपासा. स्कॅनसाठी ती जुनी आवृत्ती चालू करून ठेवू नका.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा आमचे दोन कॉम्प्युटर बदलले. पूर्वीच्या पद्धतीत यातला एक कॉम्प्युटर काकांचा असता तर सगळं ऑफिस अडलं असतं. आता नव्या कॉम्प्युटरवर पत्ता टाकून प्रिंटर जोडला, दहा मिनिटं लागली, आणि बाकी तिघांना पत्ताही लागला नाही.

खर्च आणि झीज. मशीनच्या काउंटरवर आज २१,४०० पानं आहेत. सर्वांत जास्त सप्टेंबरमध्ये, कारण गेल्या वर्षी इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत १५ तारखेपर्यंत वाढली आणि शेवटच्या आठवड्यात दिवसाला ४००च्या वर पानं निघाली. कुठेही अडकलं नाही. टोनरच्या खोक्यावर ३,००० पानं लिहिलेली असतात, आम्हाला २,३००च्या आसपास मिळतात. तो आकडा पानाच्या साधारण पाच टक्के भागावर शाई धरून काढलेला असतो, आणि आमचे करारनामे वरपासून खालपर्यंत भरलेले. त्यामुळे यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, हिशेब मात्र ते धरूनच करा. ड्रम (शाई कागदावर उतरवणारा भाग) एकदा बदलला. पावसाळ्यात लेजर कागद दमट होऊन दोन-दोन एकदम ओढले जायचे, आता रिम उघडली की उरलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात जाते.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. आतला फ्यूजर, म्हणजे शाई कागदावर पक्की करणारा गरम भाग, तापताना एकदम जी ओढ घेतो ती ६०० व्हीएच्या यूपीएसला झेपत नाही. आमच्याकडे राउटर आणि स्विच यूपीएसवर, प्रिंटर सरळ भिंतीतल्या प्लगवर.

आणि छापलेला कागद. पाच जणांचा प्रिंटर म्हणजे एकाचा ताळेबंद दुसऱ्याच्या पक्षकारासमोर पडलेला असू शकतो. आमचा प्रिंटर खुर्च्यांच्या बाजूला होता, तो आतल्या खोलीच्या दारामागे हलवला. ज्या कागदावर पॅन, उत्पन्न किंवा घरगुती वादाचा मजकूर आहे तो आम्ही चार आकडी पिन लावून पाठवतो. मशीनसमोर जाऊन पिन दाबल्यावरच तो छापला जातो. ताईंना सुरुवातीला हे वेळखाऊ वाटलं. मग एकदा घटस्फोटाच्या अर्जाचं पान चुकून दुसऱ्या पक्षकाराच्या फाइलमध्ये गेलेलं त्यांनीच वेळेत पकडलं, आणि तेव्हापासून पिनचा आग्रह सर्वांत जास्त त्याच धरतात. पक्षकारांच्या मोबाइलसाठी वायफाय वेगळं, गेस्टचं ठेवलंय. त्यावरून प्रिंटर दिसत नाही, आणि तसंच हवं.

ज्यांच्याकडे यूएसबीचाच प्रिंटर आहे आणि लगेच बदलायचा नाही, त्यांनी राउटरच्या यूएसबी पोर्टला लावून पाहण्याआधी मॉडेलची चौकशी करावी. काही जुने लेझर प्रिंटर चालू झाल्यावर दर वेळी कॉम्प्युटरकडूनच आपलं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) मागून घेतात, ते राउटरला लावून चालत नाहीत. आम्ही जुना प्रिंटर याच कारणाने तसा वापरू शकलो नाही. तो आता काकांच्या एका नातेवाइकाच्या शिकवणीत, एकाच कॉम्प्युटरला जोडलेला, अजून छापतोय.

आमच्या मॉडेलला खाली जोडायचा दुसरा ट्रे मिळतो. मार्चअखेरची गर्दी ओसरली की तो घेणार आहोत, म्हणजे हिरवा लेजर कायम खाली राहील आणि दिवसातून दहा वेळा रिम बदलायची काकांची धावपळ थांबेल.