ख्रिस्ती शाळा निवडताना: पालकांशी नाते जोडण्याच्या तीन पद्धती

मुलाला ख्रिस्ती शाळेत घालायचे असे घरात ठरले की चौकशी होते ती बहुधा निकालाची, शिस्तीची आणि शुल्काची. शाळा पालकांना कसे वागवते हा प्रश्न मागेच राहतो, आणि पुढची दहा-बारा वर्षे घराला रोज सामोरा येणारा प्रश्न मात्र तोच असतो. या अंगाने पाहिले तर ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात: केवळ विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा पाळणाऱ्या, कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणारी शाळा, कोणत्याही धर्माच्या घरासाठी खुली असलेली शाळा, आणि आठवड्यातले काही दिवस शिकवण्याचे काम पालकांवरच सोपवणारी शाळा.

तिन्हींचा पाया एकच आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याचे काम आईबापांवर सोपवले आहे, आणि तेही घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. शाळेचा तिथे उल्लेखही नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे म्हटले आहे. 1983च्या कॅथलिक धर्मसंहितेतील 796वे कलम पालक आणि शिक्षक दोघांनाही परस्पर सहकार्याने बांधते, आणि शिक्षकांनी पालकांचे म्हणणे आस्थेने ऐकावे असेही सांगते. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी 1529 मध्ये लिहिलेली लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांतून सांगणारी पुस्तिका, कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी अशा बेताची आहे. मात्र त्याआधी पाच वर्षे, शाळा काढण्यासाठी नगरांच्या कारभाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्याच ल्यूथरांनी बजावले होते की पुष्कळ पालकांना हे काम जमत नाही, आणि ज्यांना जमले असते त्यांना सवड नसते. हे दोन्ही लेख एकाच माणसाचे आहेत हे मला फार मोलाचे वाटते, कारण पहिला हक्क घराचा आणि तो पेलण्यासाठी मदतीची गरजही घराचीच, हे दोन्ही मान्य करणारी शाळाच पालकांची खरी सोबत करू शकते.

पहिल्या पद्धतीच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी बहुधा पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, पत्र आणि विश्वासाच्या निवेदनावर पालकांची सही मागितली जाते. याचा लाभ उघड आहे: क्षमा, पश्चात्ताप, प्रार्थना हे शब्द मुलाला घरी आणि वर्गात एकाच अर्थाने ऐकू येतात, आणि अडचणीत आलेल्या पालकासोबत शिक्षक मोकळेपणाने प्रार्थना करू शकतात. उणीव सहजी दिसत नाही. घरात व्यसन शिरले, नवरा-बायको वेगळे राहू लागले, किंवा आईच्याच मनात विश्वासाविषयी शंका आली, तर मुलाचा प्रवेश धोक्यात येईल या भीतीने कुटुंब नेमके शाळेपासूनच दुःख लपवू लागते. म्हणून प्रवेशापूर्वीच विचारावे की पालकाचे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येणे थांबले तर मुलाचे काय होते. उत्तर देताना शाळा किती चाचरते, हेही पाहावे.

खुल्या शाळेचे काम अधिक अवघड आहे. तिथे एका बाकावर तीन घरांच्या तीन प्रार्थना बसलेल्या असतात. चांगली शाळा पहिल्याच भेटीत सांगते की उपासनेत काय होते, शास्त्रपाठ सर्वांना आहे की नाही, आणि प्रार्थना न म्हणणाऱ्या मुलाने शांत उभे राहिलेले चालेल का. संकोची शाळा विश्वासाचा विषयच टाळते, आणि मग पालकांशी बोलायला गुण आणि शुल्क एवढेच उरते. ख्रिस्ती पालकांनीही इथे गाफील राहू नये. सकाळच्या परिपाठातील प्रार्थना म्हणजे घरातील शिकवण नव्हे.

तिसरी पद्धत अमेरिकेतील टेक्सास राज्यात 1990च्या दशकात रुजली. मूल काही दिवस वर्गात आणि उरलेले दिवस शिक्षकांनी आखून दिलेला अभ्यास घेऊन घरी, अशी तिची रचना असते. आईवडिलांपैकी एकाला दिवसाउजेडी खरोखर वेळ असेल तरच ती निभते. एकट्या पालकाच्या खांद्यावर तिचा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही पद्धतीच्या नावापेक्षा शाळेची वही अधिक बोलते. एका वहीत लाल शाईने लिहिलेले असते: “गणितात लक्ष नाही. पालकांनी सही करावी.” दुसऱ्या वहीत लिहिलेले असते: “आज अपूर्णांकांची बेरीज तीनदा खोडली, चौथ्यांदा स्वतः बरोबर केली. छेद समान का करायचे, हे तिला घरी तुम्हाला समजावून सांगू द्या.” पहिला शेरा वाचून घरात बोलणी बसतात, दुसऱ्यामुळे अक्षरओळख नसलेली आईसुद्धा, कोणी तो वाचून दाखवला की, मुलीसमोर बसून ऐकू शकते, आणि तेवढ्याने ती अभ्यासात सामील होते. शिक्षणसंशोधक जॉयस एपस्टाइन यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले आहेत, त्यांत घरचा अभ्यास आणि शाळेच्या निर्णयांतील वाटा हे दोन्ही येतात. बऱ्याच शाळा पालकांना स्नेहसंमेलनाच्या मांडवापुरतेच बोलावतात, निर्णयाच्या बैठकीला नाही. प्रभूची शिकवण शिस्तीत उतरवायची म्हणणाऱ्या शाळेने शिक्षेचे नियम तरी पालकांसमवेत बसून ठरवायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर विश्वासात एकमताचे असेल आणि मंडळीचा आधार पक्का असेल, तर पहिली पद्धत सोयीची पडते. आईवडिलांचे धर्म भिन्न असतील, किंवा मुलाने वेगळ्या घरांतील मुलांबरोबर वाढावे अशी इच्छा असेल, तर खुली शाळा बरी, मात्र विश्वासाची शिकवण घरीच द्यायची तयारी हवी. दोघेही उशिरापर्यंत कामावर असतील तर तिसरीचा विचार सोडून द्यावा, आणि उरलेल्या दोन्ही शाळांत आधी एवढेच विचारावे की पालकसभा किती वाजता भरते, आणि ती चुकलेल्या पालकाला वर्गशिक्षक स्वतः फोन करतात का.