वारसावाल्यांच्या सहली : वर्गणी भरावी का?

आमच्या शहरात जुन्या वास्तू दाखवायला फेऱ्या आणि सहली काढणारं एक वारसा मंडळ आहे, त्याची वर्गणी भरावी. पण कुठल्या फेरीला जायचं आणि कुठल्या रविवारी घरी पेपर वाचत बसायचं, हे आधी ठरवून भरावी.

मी एसटीत होतो. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक, आणि तिथूनच संभाजीनगरला निवृत्त झालो. मराठवाड्यातली निम्मीअधिक गावं मला थांबा, फाटा आणि किलोमीटर एवढ्याच रूपात माहीत. जिंतूरच्या गाडीची घोषणा करताना जालना, वाटूर फाटा, मंठा, चारठाणा हे तोंडातून आपोआप निघायचं. चारठाण्यात उतरून बघण्यासारखं काय आहे, हे विचारायला सवड ना मला होती ना प्रवाशाला. निवृत्त झाल्यावर शेजारच्या मास्तरांनी या मंडळाचा फॉर्म आणून दिला. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाकडं बोलणार आहे आणि माणसं रोजच्या बघण्यातली आहेत.

वर्गणी माणशी 500 रुपये, जोडप्याला 800. त्यात महिन्यातून एका रविवारी पायी फेरी, अधूनमधून व्याख्यान, कोजागिरीचं दूध आणि 19 ते 25 नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहातले कार्यक्रम. बाहेरगावच्या सहली आणि हुरडा यांचे पैसे वेगळे. पावती मिळते. हे मुद्दाम लिहितोय, कारण आजकाल सगळं मोबाइलवर पाठवा म्हणतात आणि पावती मागितली की माणूस आपल्याकडे विचित्र नजरेनं बघतो.

पायी फेऱ्या उत्तम. त्यातली नहरीची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नळांची फेरी तर चुकवूच नये. सकाळी सातला भडकल दरवाज्यापाशी जमायचं. मलिक अंबरनं खडकी वसवली 1610 मध्ये, आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून हा दरवाजा उभा केला 1612 मध्ये. या दरवाज्याजवळून माझ्या किती फेऱ्या झाल्या असतील, मान वर करून कधी बघितलं नव्हतं. तिथून गप्पा मारत, महमूद दरवाज्यावरून पाणचक्कीत. माहिती द्यायला एक तरुण आर्किटेक्ट मुलगी असते. तिची पद्धत मला फार आवडली. ती येताक्षणी बोलत सुटत नाही, आधी आपल्यालाच विचारते. हौदाच्या काठावर उभं करून म्हणाली, "काका, भिंतीच्या एवढ्या वरून पाणी पडतंय. तेव्हा मोटार तर नव्हती. मग चढलं कसं?"

कुणी म्हणालं रहाट असेल, कुणी म्हणालं बैल. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग समजावलं, की उगम हर्सूलच्या बाजूच्या डोंगराकडे, काही मैल लांब आणि इथल्यापेक्षा उंचावर. पाणी जमिनीखालून खापरी नळांतून येतं आणि वाटेत मध्येमध्ये मनोरे बांधलेत, म्हणजे नळात अडकलेली हवा सुटते आणि दाब सांभाळला जातो. उगमाच्या उंचीच्या जोरावर पाणी इकडे भिंतीत पुन्हा वर चढतं, आणि जिथे पडतं तिथे जातं फिरायचं. बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकीर-मुशाफरांसाठी इथे दळण व्हायचं. हे झाल्यावर तिनं आम्हाला खाली नेलं. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी भरलेलं, म्हणून खाली उन्हाळ्यातही गार. एप्रिल चालू होता. डोक्यावरचे रुमाल निघाले आणि कुणी वर यायलाच तयार होईना. एक आजोबा म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वी डोंगरातून पाणी आणलं, आन् आमच्या नळाला आठ-आठ दिवस थेंब नाही!" यावर जी हसाहस आणि नंतर जी वादावादी झाली, तिच्यापायी चहाला अर्धा तास उशीर झाला. वादात महापालिकेपासून जायकवाडीपर्यंत सगळे आले, दरवाजा उभारणारा मलिक अंबर मात्र कुणाच्या तोंडी नव्हता.

त्याच माणसाची कबर पाहायला पुढच्या थंडीत खुलताबादला नेलं. 1626 साली वारला तो. खुलताबादला लोक औरंगजेबाची कबर बघून परततात, इकडे फारसं कुणी फिरकत नाही. आधी त्याचा दरवाजा बघितलेला असल्यामुळे आमच्यातले वात्रट लोकही तिथे गप्प उभे राहिले. एकाला दुसरं जोडून दाखवायची ही अक्कल मंडळाकडे आहे, आणि वर्गणीतले निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

त्या रस्त्यावर दौलताबादचा जुना दरवाजा लागतो. त्यातून गाडी काढायची म्हणजे ड्रायव्हर आरसा आत घेतो आणि कंडक्टर दारात उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करतो. मी हे इतक्या वेळा केलंय की आमची मिनीबस तिथे आली तेव्हा सवयीनं उठून दाराशी गेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकी दौलताबादच्या किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. मेंढा तोफ, चाँद मिनार, अंधारी सगळ्यांनी बघितलेली असते आणि गुडघ्यांचं काय होतं तेही सगळ्यांना माहीत असतं. ज्यांना चढायचं नव्हतं त्यांना खाली हत्ती हौदापाशी बसवून वेगळी माहिती दिली, हे मात्र चांगलं केलं. आमची मंडळी खालच्याच गटात होती आणि घरी येऊन मलाच भारतमाता मंदिराच्या खांबांबद्दल सांगत होती.

बीबी का मकबऱ्यामागच्या लेण्यांची फेरी कमी लोक करतात. का, ते कळत नाही. बाहेरून पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळ-अजिंठ्याला घेऊन जातो (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, एवढं तरी बघून निघा) आणि गावाला खेटून असलेली ही बारा लेणी तशीच राहतात. सातव्या लेण्यात त्याच आर्किटेक्ट मुलीनं सगळ्यांचे मोबाइल खिशात ठेवायला लावले. गाभाऱ्यात शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. "बसा, पाच मिनिटं कुणी बोलू नका," म्हणाली. डोळे अंधाराला सरावले तशी डाव्या भिंतीवर मधोमध नाचणारी बाई दिसायला लागली. कमरेत वळलेली, एक पाय अलगद. मग तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वादक बायका, कुणाच्या हाती बासरी, कुणाकडे ताल धरायची वाद्यं. सगळा ताफाच बायकांचा. आमच्यातल्या एक बाई भजनी मंडळात टाळ वाजवतात. त्या बराच वेळ त्या भिंतीवरच्या हातांकडेच बघत होत्या. "आमच्या गुरुजींनी हात असाच धरायला शिकवला," एवढंच म्हणाल्या. टॉर्च मारून, फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर पडलो असतो तर यातलं काही झालं नसतं.

मकबऱ्यावरचं व्याख्यान मात्र मकबऱ्यातच उन्हात ठेवलं होतं. वक्ते निवृत्त प्राध्यापक, ज्ञान दांडगं, पण हातात माईक आला की माणसाला वेळेचं भान राहत नाही. एक गोष्ट तेवढी डोक्यात राहिली. या इमारतीचा खर्च नोंदलेला आहे : 6,68,203 रुपये आणि 7 आणे. ते वरचे 7 आणे ऐकून मी खूश झालो. माझ्या वे-बिलासारखं, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदासारखं, जमलं तर पैशापर्यंत जमलं पाहिजे. संगमरवर कुठवर लावला आणि कुठून पुढे गिलाव्यावर भागवलं, हे त्यांनी भिंतीपाशी नेऊन दाखवलं तेही छान. पण एवढ्यासाठी दीड तास ऊन खाणं नको होतं.

आता बसच्या सहली. इथे माझी तक्रार आहे, आणि ती मी समितीसमोर तोंडावर केलेली आहे.

एका सहलीत चारठाणा, वालूर आणि धारासूर असं एकाच दिवसात घातलं होतं. कागद बघताच मी म्हणालो, हे होत नाही. चारठाणा जिंतूर तालुक्यात, वालूर सेलूत, धारासूर गंगाखेडात, आणि परत यायचं संभाजीनगरला. चढ-उतार करणारे पन्नास लोक, त्यात ज्येष्ठ नागरिक. प्रत्येक थांब्यावर पंधरा मिनिटं चपला शोधण्यात जातात. "काका, तुम्ही एसटीचा हिशोब लावताय," समितीवाले म्हणाले. बरं, म्हटलं.

चारठाण्याला पोहोचायलाच साडेदहा वाजले. गावात शिरल्यावर इकडे मंदिर, तिकडे बारव (पायऱ्यांची विहीर), मध्येच घराच्या भिंतीत बसवलेला कोरीव दगड आणि सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारा तो उंच कोरीव स्तंभ. तिथे खरं तर अख्खा दिवस द्यायला हवा होता. एका ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारलं, "कामून आले हो एवढे लोकं? कोण वारलं का?" सगळे हसले. पण आजी बोलायला लागल्या होत्या, लहानपणी बारवेवर काय काय व्हायचं ते सांगत होत्या, आणि नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. चला, गाडीत बसा. मला त्या आजींचं पुढचं ऐकायचं होतं.

वालूरची बारव ही गावाबाहेर सांगावी अशी चीज. आपल्याकडच्या बारवांच्या पायऱ्या बहुधा सरळ किंवा चौकोनात उतरतात. इथल्या गोल फिरत, वेटोळं घेत खाली जातात. काठावरून बघितलं तर नजर आपोआप फिरत फिरत तळाला जाते. गाळानं भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. त्यातलेच एक जण, शेतकरी माणूस, आमच्याबरोबर उतरले. दगडावर हात ठेवून सांगत होते, इथपर्यंत माती होती, इथून पुढे पायरी लागली आणि मग गावातली पोरं इरेला पेटली. प्राध्यापकांनीसुद्धा त्या दिवशी माईक त्यांच्या हातात दिला. जेवण तिथल्याच बचत गटाच्या बायकांचं होतं. बाजरीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. शहरातल्या कुठल्याही थाळीच्या तोंडात मारेल असं. पैसे थेट त्यांच्या हाती दिले, मध्ये दलाल नाही. याला पूर्ण मार्क.

आणि मग धारासूर. गोदावरीकाठचं गुप्तेश्वराचं मंदिर. पोहोचलो तेव्हा अंधार पडलेला. मोबाइलच्या उजेडात काय शिल्प बघणार! लोकांनी हात जोडले आणि परत गाडीत. घरी पोहोचलो रात्री उशिरा, इतक्या उशिरा की रिक्षावाल्यानं दुप्पट भाडं मागितलं. एवढं चांगलं ठिकाण "बघितलं" या यादीत टाकून दिलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

बायकांची एक अडचण पुरुषांच्या समितीला अजून पुरती समजलेली नाही. स्वच्छतागृह. "वाटेत पेट्रोल पंप आहे की" हे उत्तर नव्हे. आमच्या मंडळींनी सकाळपासून पाणीच कमी प्यायचं धोरण ठेवलं होतं, आणि हे बहुतेक सगळ्याच बायका करत होत्या हे मला नंतर कळलं. मी बैठकीत उभं राहून बोललो. शिवाय फुलस्केप कागदावर धावण्याचा वेळ, थांब्यांचा वेळ, बायकांसाठी कुठे सोय आहे ती ठिकाणं असं वेळापत्रकच करून दिलं. पुढच्या पैठणच्या सहलीला त्यातलं बरंचसं पाळलं. एकच गाव, नाथांचा वाडा, घाट, तीर्थखांब, दुपारी पैठणीचे माग, संध्याकाळी साडेसहाला घरी. मागावर बायका वेळ लावतील म्हणून पुरुष कुरकुरत होते. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ दोन इंजिनिअर काकांनी लावला.

हुरड्याबद्दल काय सांगू. जानेवारीत शेतावर आगटी पेटते, गवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसतात आणि गरम कणीस हातावर चोळून दाणे पुढे येतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. इथे इतिहास शून्य असतो आणि कुणाची तक्रारही नसते. खरी ओळख इथेच होते. रोशनगेटकडचे एक सदस्य दरवर्षी घरी नान-कलियाची दावत ठेवतात, न खाणाऱ्यांसाठी डाळ वेगळी. ते आमंत्रण मला हुरड्याच्या आगटीपाशीच मिळालं. कलिया तुघलकाच्या फौजेबरोबर इथे आला असं सांगतात. खरं-खोटं प्राध्यापक बघतील, मी दोनदा वाढून घेतलं.

व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र म्यूट करा. सूचना एक, सुप्रभात चाळीस.

आता मी ज्या रविवारी एका दिवसात दोनपेक्षा जास्त गावं लिहिलेली असतात त्या दिवशी नाव देत नाही. बाकी सगळीकडे जातो. नवीन सदस्य ऑक्टोबरपर्यंत घेतात. हुरड्याचं नाव डिसेंबरातच द्या, नंतर जागा राहत नाही. आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या, त्यांचे जार दुपारी दोनपर्यंतच पुरतात.