कॅमेऱ्यावर बोट ठेवून साखर मोजणारं ॲप

आईला नऊ वर्षांपासून साखर आहे. ती चोपड्याजवळच्या आमच्या गावी राहते, मी जळगावला. रोज बोट टोचायचा तिला कंटाळा आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा खर्चही तिला खुपायचा. अशात तिच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली: फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवा, दहा सेकंदांत साखर बघा.

मीच ते ॲप तिच्या फोनमध्ये टाकून दिलं. प्ले स्टोअरवर ते नव्हतं, लिंकवरून फाइल उतरवावी लागली. फोनने धोक्याची सूचना दिली, ती मी बाजूला सारली. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. साखर मोजायला एसएमएस कशाला लागतात, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. २९९ रुपये वर्गणी तिच्याच कार्डाने भरली.

रोजचा आकडा ११० ते १२०. आई खुशीत सांगायची, "भाऊ, आते साखर बरी शे." ग्लुकोमीटर कपाटात गेला. मला न सांगता तिने रात्रीची गोळीही सोडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला, तरी संध्याकाळी ॲपवर ११८. चौथ्या दिवशी ती भोवळ येऊन ओट्यावरच बसली. घशाला कोरड, सारखी लघवी. ग्लुकोमीटर काढून बघितला तर ४१२. तीन दिवस जळगावला ॲडमिट होती.

तिच्या उशाशी बसून मी ते ॲप उघडलं. माझं बोट ठेवलं, ११२. मग डब्यासोबत आलेलं केळं कॅमेऱ्याला लावलं. ११४. मला रडूच आलं.

डॉक्टरांनी समजावलं. बोटातल्या रक्ताची लाली कमीजास्त होताना कॅमेऱ्याला दिसते, त्यावरून नाडीचे ठोके मोजता येतात. साखरेसाठी रक्ताचा थेंब लागतो, नाहीतर कातडीखाली बसणारा सेन्सर. न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलं होतं.

ती ॲडमिट असतानाच एका रात्री तिच्या खात्यातून दोनदा मिळून ३८,५०० रुपये गेले. कार्डाचा नंबर त्यांच्याकडे होता आणि ओटीपी ते ॲपच वाचत होतं. सकाळी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेतून कार्ड बंद करून घेतलं. पैसे अजून आलेले नाहीत. त्याआधी एक माणूस तिला फोन करून डायबेटिस मुळापासून घालवणारी पावडर विकत होता. तिचं वय, तिच्या गोळ्या, सगळं त्याला माहीत होतं, कारण ते ॲपमध्ये मीच भरलं होतं. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला नंतर कळलं.

आता कोणतंही ॲप घेण्याआधी मी ते कुणाचं आहे, पत्ता काय, आणि डॉक्टर असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक काय, हे बघतो. ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरने तो क्रमांक दाखवलाच पाहिजे, असा २०२० पासून नियम आहे. घरबसल्या डॉक्टरशी बोलायचं असेल तर सरकारचं ई-संजीवनी आहे, तेही फुकट.

आई घरी आल्यावर मी गटातल्या बायकांकडे एकेकीच्या घरी गेलो. चौघींच्या फोनमध्ये ते ॲप होतं. त्यातल्या एका काकूंनी इन्सुलिन बंद करून आठ दिवस झाले होते.