कोरल डिप आणि क्वारंटाईन टँक: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी नवीन कोरल (प्रवाळ) आणलं, डिप केलं म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवलं, मेन टँकमध्ये ठेवलं. बहुतेक जण एवढ्यावर थांबतात. मी वनस्पतिजन्य तेलांचं डिप आणि जोडीला एक छोटा क्वारंटाईन टँक (नवीन कोरल काही आठवडे वेगळं ठेवायची टाकी) असं दोन्ही बरेच महिने वापरतोय. दोन्हींपैकी एकच ठेव म्हणालात तर मी टँक ठेवेन.

डिप निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. टँकचंच पाणी घ्यायचं, बाटलीवरच्या प्रमाणात डिप मिसळायचं, सांगितलेली मिनिटं मोजायची आणि तेवढा वेळ पिपेटने फांद्यांच्या बेचक्यात पाण्याचा जोरदार फवारा मारत राहायचं. नुसतं बुडवून ठेवलं तर अर्धंच काम होतं. अ‍ॅक्रोपोरा नावाचं फांद्यांचं कोरल खाणारा चपटा कृमी त्या कोरलमधलंच शैवाल पोटात बाळगतो, त्यामुळे फांदीवर असताना तो दिसत नाही. पांढऱ्या भांड्यात गळून पडला की मग डोळ्यांना सापडतो. त्याआधीची खूण म्हणजे फांदीवरचे फिकट गोल डाग. झोअँथिड (बटणासारखे मऊ पॉलिप) खाणारे न्यूडिब्रँकही (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी) असेच रंग चोरतात. माँटिपोरा या कोरलवरचे न्यूडिब्रँक मात्र पांढरे असतात, पण काही मिलिमीटरचेच आणि बहुधा खालच्या बाजूला दडलेले.

खरी अडचण अंड्यांची आहे. डिपने हलणारे जीव सुटतात, मरतात. अंडी शाबूत राहतात. चपट्या कृमीची अंडी बुंध्यापाशी, जिथे जिवंत ऊती संपून उघडा सांगाडा सुरू होतो तिथे, तपकिरी-सोनेरी पुंजक्यांत चिकटलेली असतात. म्हणून मी आलेला प्लग (कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं ती छोटी बैठक) ठेवतच नाही. कटरने बुंध्याचा मृत भाग कापतो आणि फ्रॅग (कोरलचा तुकडा) जेल सुपरग्लूने नव्या प्लगवर बसवतो. आयप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल), बबल अल्गी (फुग्यांसारखं शैवाल), व्हर्मेटिड गोगलगायींच्या नळ्या हे सगळं बहुतेक वेळा जुन्या प्लगवरूनच येतं, त्यामुळे या एका कामाने निम्मं ओझं उतरतं. आयप्टेशिया खरवडू मात्र नका, उरलेल्या तुकड्यातून नवे उगवतात.

तरीही एखादा पुंजका नजरेतून निसटतोच, आणि तिथे क्वारंटाईन टँकची किंमत कळते. पाणी जितकं उबदार तितकी अंडी लवकर फुटतात, थंड पाण्यात जास्त आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला पुन्हा डिप आणि एकूण मुक्काम किमान सहा आठवडे. नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू मोठं होऊन अंडी घालण्याआधी पुढच्या डिपमध्ये सापडलं पाहिजे, एवढंच गणित. टँकचे दिवे बंद झाल्यावर टॉर्च घेऊन बघण्याची सवय लावा; न्यूडिब्रँक बहुधा रात्रीच बाहेर पडतात.

टँक साधाच आहे: तळाला वाळू नाही, हीटर, छोटा पॉवरहेड (पाणी खेळवणारा पंप), बरा दिवा. सांभाळायची गोष्ट म्हणजे अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा). एवढ्याशा पाण्यात ती पटकन ढळते आणि एसपीएसला (छोट्या पॉलिपच्या कठीण कोरलला) ते सहन होत नाही. पाणी बदलताना मी मेन टँकचंच पाणी घेतो, त्यामुळे फार डोकं लावावं लागत नाही.

काही कोरल डिपने नाराज होतात. युफिलियासारखी मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपची कठीण कोरल) चिकट स्राव सोडतात आणि एखादा दिवस मिटून बसतात, तेव्हा त्यांना डिपमध्ये वेळ कमी द्यावा. अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांत राहणारे छोटे खेकडे मात्र मित्र आहेत, कोरलच्या शत्रूंना ते हुसकावून लावतात. डिप करण्याआधी त्यांना चिमट्याने हळूच बाहेर काढतो, नाहीतर ते हमखास मरतात. बागेतली कीटकनाशकं डिप म्हणून वापरणारे बरेच आहेत, परिणामही सांगतात. मी वापरत नाही. त्यांचा अंश मेन टँकमध्ये गेला तर कोळंब्या आणि खेकडे वाचणार नाहीत. कुठल्याही डिपचं पाणी टँकमध्ये परत ओतू नये आणि फ्रॅग स्वच्छ खाऱ्या पाण्यात दोनदा खळबळून घ्यावा.

आणि मेन टँकमध्ये मासे असतील तर इकही (माशांवर पांढरे ठिपके आणणारा रोग) आहे. त्याच्या परजीवीची, क्रिप्टोकॅरिऑनची, गाठ प्लगवर किंवा कोरलच्या उघड्या सांगाड्यावर चिकटून येते आणि डिपचा तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. यजमान मासा मिळाला नाही तर बाहेर पडलेले परजीवी मरतात, म्हणून माझ्या क्वारंटाईन टँकमध्ये एकही मासा नाही. हौशी मंडळींत असं माशांशिवाय 76 दिवस ठेवण्याचा हिशोब रूढ आहे. मेन टँकमध्ये टँगसारखे नाजूक मासे असतील तर सहा आठवड्यांवर न थांबता मी तेवढे दिवस पूर्ण करतो, आणि मध्येच नवा फ्रॅग आत ठेवला तर मोजणी पहिल्यापासून सुरू करतो.