शिवणीचे तुकडे आणि सुरीचे म्यान: सॉ-मिलवरच्या मालाचे परीक्षण

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या सॉ-मिलवर दारे-चौकटींचा माल कापून झाल्यावर जे तुकडे उरतात, त्यांतले शिवण या झाडाच्या लाकडाचे तुकडे हौसेने सुरीला लाकडी म्यान करणाऱ्याच्या कितपत उपयोगाचे आहेत, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. लाकूड उत्तम आणि चिराई समाधानकारक आहे. मात्र माल वाळलेला आहे या विक्रेत्याच्या शब्दावर सूतभरही विसंबू नये, असे माझे मत झाले आहे.

म्यानाचे लाकूड पोलादाला बाधू नये, ऋतुमानाप्रमाणे फार फुगू-आकसू नये आणि पटाशीला सहज वश व्हावे, या तीन कसोट्यांवर कोकणात हाताशी असलेली बरीच लाकडे मागे पडतात. खैर आणि ऐन यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्यामुळे दमट हवेत लोखंडाशी त्याची प्रक्रिया होऊन पात्यावर व लाकडावर काळे डाग उठतात. साग टिकाऊ खरा, परंतु त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे सांधा नीट चिकटत नाही आणि वाळूसारख्या कठीण सिलिकेमुळे हत्याराची धार लवकर बोथट होते. आंब्याला कीड आणि बुरशी पटकन लागते. फणसाचा पिवळा रंग मला फार आवडतो, पण वजनाचा विचार करता तो मी मुठीसाठी राखून ठेवतो. शिवण हलकी, फिकट रंगाची आणि वाळल्यानंतर आकार धरून राहणारी आहे. वाद्ये आणि कोरीवकाम यांसाठी तिला मागणी असते ती याच गुणांमुळे. जपानमध्ये तलवारीच्या म्यानासाठी होनोकी नावाचे मॅग्नोलियाच्या कुळातले मऊ लाकूड वापरतात, त्यामागचा विचारही याहून वेगळा नाही.

नेहमीचे लाकूड घनफुटावर विकले जात असले, तरी असे लहान तुकडे मला वजनावर मिळाले आणि त्यांच्या किमतीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गिऱ्हाइकांची गर्दी नसेल तर मिलवरचा माणूस एकच तुकडा पट्टीकरवतीवर उभा चिरून देतो, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचे मोल लाकडापेक्षाही अधिक आहे. एकाच तुकड्याचे दोन भाग पुस्तकासारखे उघडून समोरासमोर लावले, तर दोन्हींच्या रेषा जुळतात, दोन्ही भाग सारखेच फुगतात-आकसतात आणि सांधा पुढे उघडण्याची शक्यता घटते. करवतीचे आडवे ओरखडे राहतात, पण ते रंध्याने निघतात. तुकडा निवडताना गाठ, खोडाच्या अगदी मधोमधचा बारीक गाभा आणि सालीलगतचा पांढरा भाग टाळावा, कारण कीड पहिल्यांदा त्या पांढऱ्या भागातच शिरते.

तक्रार आहे ती ओलाव्याची. ‘पूर्ण सुके’ म्हणून एका मिलवरून आणलेल्या तुकड्यांचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यागणिक उतरतच राहिले. इंचभर जाड फळी सावलीत नैसर्गिकरीत्या वाळायला साधारण वर्ष लागते हा सुतारकामातला जुना आडाखा आहे, आणि शेडमध्ये ओल्या ओंडक्यांच्या शेजारी पडलेल्या मालाला तो आडाखा चुकवता येत नाही. अशा लाकडाचे म्यान केले तर ते पुढे आकसून पात्याला आवळते किंवा सांध्यावर तडकते, आणि आत राहिलेल्या ओलीने पाते गंजते ते वेगळेच. वजन स्थिर होईपर्यंत पटाशी हाती न घेणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

लाकूड एकदा वाळले, की काम करताना ते कुठेही अडवत नाही. अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीचे दोन भाग सपाट करून त्यांवर पात्याची आकृती रेखावी. घरातल्या सुरीचे पाते जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते, त्यामुळे खाच दोन्ही भागांत अर्धी-अर्धी न खोदता एकाच भागात पूर्ण खोदणे मला श्रेयस्कर वाटते, कारण तसे केल्याने धार नेमकी सांध्यावर येत नाही. खाच कुठे घासते हे पाहण्यासाठी पात्याला दिव्याची काजळी लावून ते आत-बाहेर करावे. जिथे काळे उमटेल तेवढेच तासावे. पकड म्यानाच्या तोंडाशी असावी, धारेच्या बाजूला मात्र सूतभर मोकळी जागा राहिली पाहिजे आणि टोकाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र ठेवावे. शिवणीत ही खाच इतकी स्वच्छ निघते, की सागावर घाम गाळलेल्या माणसाला तिचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. जोडण्यासाठी पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल मरीनसारखा गोंद वापरावा आणि तो खाचेत ओघळू देऊ नये. जपानी कारागीर पुढे म्यान उघडून आतून साफ करता यावे म्हणून भाताची खळ, म्हणजे भात घोटून केलेली चिकी, वापरतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या खळीवर बुरशी चढेल, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही.

चोचीसारख्या वाकलेल्या कोयत्यासाठी मात्र या लाकडाच्या मागे लागू नये. पात्याची वक्रता सर्वत्र एकसारखी नसेल तर ते बंद म्यानात सरकतच नाही, शिवाय वळणाशी लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जाऊन तेथेच म्यान मोडते. कोयत्याला कमरेची आकडीच योग्य.

बाहेरून मी जवसाच्या तेलाचे पातळ हात देतो, आतून काहीही लावत नाही. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल कातडी भाजते, म्हणून हाताळण्याच्या वस्तूला ते नको; आणि लाखेचे पॉलिश पावसाळ्यात केले तर हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक येते. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली, की वाळलेल्या लाकडातला ओलावाही हळूहळू १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः खाऱ्या वाऱ्याच्या गावांत, साध्या पोलादाची सुरी म्यानात घालून ठेवू नये. तिला तेलाचे बोट फिरवून बाहेरच ठेवावी. म्यान प्रवासासाठी आणि खणातल्या धारेपासून हात वाचवण्यासाठी आहे.

ज्याच्याकडे जागा आहे आणि थांबण्याची तयारी आहे, त्याने हे तुकडे जरूर घ्यावेत. खरेदी डिसेंबर-जानेवारीत करावी, म्हणजे पुढचा उन्हाळा पुरता मिळतो. ज्याला आठवड्याभरात म्यान हवे आहे त्याने सॉ-मिलवर न जाता एखाद्या सुताराकडे जुन्या, मोडीत निघालेल्या शिवणीच्या फळीची चौकशी करावी. ती थोडी महाग पडली तरी चालेल.